तुमचे प्रश्न: हा कोड चालतो तरी कुठं?

गेल्या अंकात सर्व्हरवरच्या जावाची तोंडओळख करून दिली आणि शेवटी हौसेनं लिहून बसले की, अडलं तर कळवा. कळवलंत. काही पत्रांसोबत मोबाइलनं काढलेले स्क्रीनचे फोटोही आलेत. त्यांत एरर सोडून सगळं दिसतं, वरच्या पंख्याची सावलीसुद्धा. तेव्हा आधी एक विनंती: एररचा फोटो काढू नका, मजकूर कॉपी करून पाठवा. पहिल्या पाच ओळी आणि जिथं जिथं "कॉज्ड बाय" लिहिलंय त्या ओळी, एवढं पुरतं.

पत्रं थोडी कापली आहेत. नावं छापत नाही, गावं छापते. गेला अंक हुकलेल्यांसाठी: ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारा सर्व्हरवरचा जावा कोड म्हणजे सर्व्हलेट, एचटीएमएलमध्ये जावा मिसळून लिहिलेलं पान म्हणजे जेएसपी, हे दोन्ही चालवणारा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट आणि त्यावर उभी केलेली तयार चौकट म्हणजे स्प्रिंग बूट.

बार्शी

"मॅडम, बीएससी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोअर जावा झालं. कॉलेजात सर्व्हलेट-जेएसपी शिकवतात, पण सीनिअर म्हणतात ते म्हातारं झालंय, सरळ स्प्रिंग बूट धर. मुलाखतीतही बूटच विचारतात. मग सर्व्हलेटवर वेळ का घालवू?"

तुझे सीनिअर अर्धं खरं सांगतायत. नोकरीत कुणी तुला हातानं सर्व्हलेट लिहायला बसवणार नाही. पगार घेऊन शेवटचं सर्व्हलेट मी कधी लिहिलं, ते मलाही आठवत नाही. तरी पंधरा दिवस दे.

एक काम कर. सीनिअरकडून बूटचा एखादा तयार प्रोजेक्ट घे आणि चालव. कन्सोलवर ओळींची रांग पळेल, त्यात एक ओळ असेल की टॉमकॅट ८०८० पोर्टवर सुरू झाला. हा टॉमकॅट तू बसवला नव्हतास, बूटनंच तो पोटात घालून आणला. आता त्या प्रोजेक्टच्या एखाद्या मेथडमध्ये मुद्दाम एका शून्य किमतीच्या चलानं भाग दे आणि ते पान उघड. कन्सोलवर लाल ओळींचं रान माजेल. वरून खाली येत जा. तुझ्या मेथडचं नाव, मग स्प्रिंगच्या पंधरा-वीस ओळी, त्यात कुठंतरी डिस्पॅचरसर्व्हलेट आणि त्याच्याच आसपास जकार्ता डॉट सर्व्हलेट डॉट एचटीटीपी डॉट एचटीटीपीसर्व्हलेट. सीनिअर ज्याला म्हातारा म्हणतात तो तिथं बसलाय. बूटमध्ये येणारी प्रत्येक विनंती त्याच्या हातातूनच पुढं जाते. काही मोडलं की ते त्याच्याच भाषेत मोडतं आणि ती भाषा येत नसेल तर माणूस एरर गुगलवर चिकटवत रात्र काढतो.

सर्व्हलेट आलं कुठून, तेही थोडक्यात. १९९०च्या दशकात वेबपान तयार करून द्यायचं तर सीजीआय वापरत. माणूस आला की सर्व्हर एक नवी प्रोसेस सुरू करायचा, काम झालं की मारायचा. शंभर माणसं, शंभर प्रोसेस. सन कंपनीनं १९९७च्या सुमारास काढलेल्या सर्व्हलेटमध्ये एकच ऑब्जेक्ट एकदा तयार होऊन बसून राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक विनंतीसाठी एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक स्वतंत्र धागा, त्याच्यातून जातो. हे वाक्य लक्षात ठेव, खाली सिन्नरच्या पत्रात ते चावणार आहे. टॉमकॅट सनमधल्याच जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिला आणि १९९९मध्ये तो अपाचीकडं गेला. टॉमकॅट म्हणजे बोका. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून त्यांनी हे नाव निवडलं. मी २००१ साली पुण्यात टॉमकॅट ३ वर शिकले. तो बोका काही फार स्वावलंबी नव्हता. कोड बदलला की बंद करा, चालू करा, मधल्या वेळात चहा.

पंधरा दिवसांतल्या पहिल्या दिवशी जावाला हात लावू नकोस. टॉमकॅट उतरव, चालू कर आणि ब्राउझर न उघडता कमांडच्या काळ्या खिडकीत कर्ल ही सर्व्हरला विनंती पाठवणारी कमांड वापरून बघ. विंडोज १० आणि पुढं ते आधीपासून असतं. कर्ल, मग उणे व्ही, मग लोकलहोस्टचा पत्ता ८०८० सकट. उजवीकडं टोक असलेल्या बाणाच्या ओळी म्हणजे आपण पाठवलेलं, डावीकडं टोक असलेल्या म्हणजे सर्व्हरनं दिलेलं. "गेट", पत्ता, "एचटीटीपी/१.१", होस्टचं नाव, आणि शेवटी एक रिकामी ओळ. ती रिकामी ओळ म्हणजे "माझं बोलून झालं". शिकवताना मी हे टेलनेटवर हातानं टाइप करायला लावते. पोरं ती ओळ हमखास विसरतात आणि सर्व्हर हँग झाला म्हणून ओरडतात. तो बिचारा तुझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत असतो. अखेर कंटाळून जोडणी तोडतो.

विनंती जाते, उत्तर येतं, दोन्ही साधा मजकूर. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की दुसऱ्या आठवड्यात डूगेट आणि डूपोस्ट या गेट आणि पोस्ट विनंत्यांना उत्तर देणाऱ्या मेथड लिही, एक फॉर्म, एक लॉगिन, एक यादी. जेएसपीला दोन दिवस, त्याहून जास्त नको. मग बूट खुशाल धर.

इचलकरंजी

"जेएसपीमध्ये बटणाच्या ऑनक्लिकमध्ये जावाचा कोड टाकला की दाबल्यावर डेटाबेसमधली नोंद उडेल. पण पान नुसतं उघडलं तरी नोंद उडते आणि बटण दाबल्यावर काहीच होत नाही!"

उद्गारचिन्ह योग्य आहे. नोंदी परत टाकाव्या लागल्या असतील.

ते पान ब्राउझरमध्ये उघड, उजवी कळ दाब आणि पानाचा सोर्स बघ. तुझ्या जावाचं एक अक्षर तिथं सापडणार नाही, ऑनक्लिकच्या अवतरणचिन्हांत नुसती रिकामी जागा असेल. कारण तुझा जावा कोड सर्व्हरवर, पान तयार होत असतानाच चालून संपला. टॉमकॅट जेएसपीचं आधी सर्व्हलेट करतो, ते चालवतो आणि त्यातून बाहेर पडलेलं एचटीएमएल तेवढं ब्राउझरकडं धाडतो. ब्राउझरला जावा कळतच नाही. त्याला जावास्क्रिप्ट कळते आणि त्या दोघींचं नातं नावापुरतंच आहे. हवं तर टॉमकॅटच्या "वर्क" फोल्डरमध्ये खोल शिरून बघ, तुझ्या जेएसपीचं झालेलं सर्व्हलेट तिथं जावाच्या फाइलीच्या रूपात पडलेलं असतं. वाचायला रुक्ष आहे, पण एकदा वाच.

म्हणजे बटणानं काय करायचं? सर्व्हरकडं नवी विनंती पाठवायची. बटण एका फॉर्ममध्ये घाल, फॉर्मची पद्धत पोस्ट ठेव, नोंदीचा क्रमांक लपलेल्या इनपुटमध्ये दे. नोंद उडवायचं काम डूपोस्टमध्ये लिही. साध्या लिंकवर ते कधीही ठेवू नकोस. लिंक म्हणजे गेट, आणि गेटनं काही बदलायचं नसतं असा वेबचा रिवाज आहे. त्या भरवशावर सर्च इंजिनं आणि काही ब्राउझर लिंका आपणहून उघडून पाहतात. उडवून झाल्यावर सेंडरीडायरेक्टनं यादीच्या पानावर पाठव, नाहीतर कुणी एफ५ दाबलं की तीच विनंती पुन्हा जाईल.

सावंतवाडी

"यूट्यूबवर बघून पहिलं सर्व्हलेट लिहिलं. अक्षर न् अक्षर तेच. व्हिडिओत सांगितली ती सर्व्हलेट-एपीआयची जारही लिब फोल्डरमध्ये टाकली. त्यांचं चालतं, माझं ४०४. टॉमकॅटचं स्वागताचं पान मात्र दिसतं. जावा २१, टॉमकॅट १०.१. चार दिवस झाले."

चार दिवस गेले त्यात तुझा दोष नाही.

आधी ४०४ वाच. ४०४ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, तुझं बोलणं त्याला ऐकू आलंय, फक्त या पत्त्यावर त्याच्याकडं काही नाही. सर्व्हर बंद असता तर जोडणीच झाली नसती आणि ब्राउझरनं स्वतःचं करडं पान दाखवलं असतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो: सर्व्हलेट तिथं असताना टॉमकॅटला ते का दिसत नाही?

पत्ता नीट असेल असं धरते, म्हणजे पोर्टनंतर प्रोजेक्टचं नाव, मग सर्व्हलेटचा पत्ता, आणि कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं. मग उरतं ते तुझ्या फाइलीतल्या पहिल्या चार-पाच ओळींत. इम्पोर्ट बघ. तिथं जावाएक्स डॉट सर्व्हलेट असेल, पैज लावते. टॉमकॅट १० ला ते नाव ओळखू येत नाही. त्याला जकार्ता डॉट सर्व्हलेट हवं.

असं का, याची गोष्ट आपल्याकडच्या वाड्यांच्या वाटण्यांसारखी आहे. २०१०मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली, त्याबरोबर जावा आली. २०१७मध्ये ओरॅकलनं सर्व्हरकडचा सगळा संसार, म्हणजे जावा ईई, एक्लिप्स फाउंडेशनकडं सोपवायचं ठरवलं. वाडा दिला, आडनाव दिलं नाही. जावा हे नाव ओरॅकलचं ट्रेडमार्क, जावाएक्स हे उपनाव वापरून पुढचे बदल करायला परवानगी नाही. मग संसाराचं नाव जकार्ता ईई झालं आणि २०२०च्या अखेरीस आलेल्या आवृत्ती ९ मध्ये सगळ्या पॅकेजांची नावं एका फटक्यात बदलली. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, १० पासून पुढं नवं. स्प्रिंग बूटमध्ये हीच रेघ २०२२च्या नोव्हेंबरात, आवृत्ती ३ ला पडली.

तुझ्याबाबतीत त्रास दुप्पट झाला तो त्या जारमुळं, म्हणजे जावाच्या तयार वर्गांच्या त्या गाठोड्यामुळं. जार टाकली नसतीस तर कोड कंपाइलच झाला नसता आणि जावाएक्स डॉट सर्व्हलेट नावाचं पॅकेज नाही असं तुला पहिल्या मिनिटाला स्वच्छ कळलं असतं. जुन्या जारनं कंपायलरचं समाधान केलं. टॉमकॅट मात्र वेबसर्व्हलेट ही खूण जकार्ताच्या नावानं शोधतो, तुझ्या वर्गावर जावाएक्सची खूण आहे, म्हणून तो निमूट पुढं गेला. तक्रार नाही, लाल ओळ नाही.

तेव्हा ती जार काढून टाक. सर्व्हलेटची जार सर्व्हरकडं असतेच, आपण लिबमध्ये कधीच ठेवायची नाही. इम्पोर्ट बदल. पण सगळीकडं जावाएक्स शोधून जकार्ता करू नकोस! जावाएक्स डॉट एसक्यूएल मूळ जावाचा भाग आहे, तो आहे तसाच राहतो. माझ्या हाताखालच्या एका मुलानं ही सरसकट बदलाबदल करून डेटाबेसची जोडणी घालवली होती. आणि व्हिडिओबरहुकूमच जायचं असेल तर सरळ टॉमकॅट ९ उतरव, त्यात कमीपणा नाही.

जालना

"शाळेच्या ग्रंथालयासाठी छोटं अ‍ॅप करतोय, मी शिक्षक आहे. टॉमकॅट ९, मायएसक्यूएल. वरच्या शोधपेटीत मराठी शब्द टाकला तर नीट शोधतं. पण नवं पुस्तक भरताना मराठी नाव टाकलं की भलतीच अक्षरं जातात, त्यात येनची (¥) खूण वारंवार दिसते. एकच अ‍ॅप, एकच मराठी, मग हा दुजाभाव कसा?"

सर, तुमचं निरीक्षण इतकं चांगलं आहे की निम्मं उत्तर त्यातच आहे. शोधपेटीचा फॉर्म गेट असणार, पुस्तक भरायचा पोस्ट. टॉमकॅट ८ पासून पत्त्यातून आलेली अक्षरं यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत, समजून वाचली जातात. पोस्टच्या पोटातून आलेली मात्र, तुम्ही काही सांगितलं नाही तर, टॉमकॅट ९ आयएसओ-८८५९-१ समजून वाचतो. ही पश्चिम युरोपची लिपीपेटी, त्यात एका बाइटला एक अक्षर.

"पुणे" घ्या. संगणकाच्या हिशेबी ही चार चिन्हं: प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे बारा बाइट. आयएसओवाला ते बारा बाइट बारा वेगळी अक्षरं म्हणून वाचतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए दिसतो. दुसऱ्या बाइटला दोनच पर्याय, त्यातला एक म्हणजे नेमकी येनची खूण. उकार, मात्रा, दुसरी वेलांटी त्या बाजूची. त्यामुळं मराठी जितकी उकार-मात्रायुक्त, तितके येन जास्त!

खात्री करायची तर गेटपॅरामीटरनं आलेल्या स्ट्रिंगची लांबी कन्सोलवर छापा. "पुणे"ला ४ आले तर वाचन बरोबर, १२ आले तर इथंच घोटाळा. उपाय एका ओळीचा: डूपोस्टमध्ये सगळ्यात आधी रिक्वेस्टवर सेटकॅरेक्टरएन्कोडिंग लावून यूटीएफ-८ सांगा. सगळ्यात आधी म्हणजे पहिल्या गेटपॅरामीटरच्याही आधी. एकदा वाचून झाल्यावर सांगितलं तर टॉमकॅट ऐकून घेतो आणि काही करत नाही. सर्व्हलेट पुष्कळ असतील तर ही ओळ एका फिल्टरमध्ये, म्हणजे सर्व्हलेटच्या आधी चालणाऱ्या कोडमध्ये, टाका, सगळ्यांना लागू होईल.

प्रश्नचिन्हांचा आजार वेगळा. तो तुम्हाला अजून झालेला नाही, होईल. "पुणे"च्या जागी चार प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं वाचताना बिघडलेली नाहीत, लिहिताना हरवलीत. लिहिणाऱ्याच्या लिपीपेटीत देवनागरी नव्हती, म्हणून त्यानं प्रत्येक चिन्हाला एक प्रश्नचिन्ह ठेवलं. येनवाली अक्षरं बहुधा परत मिळवता येतात, प्रश्नचिन्हं झालेली कधीच नाहीत. ती पानावर दिसली तर गेटरायटर घेण्याआधी सेटकंटेंटटाइपमध्ये यूटीएफ-८ सांगायचं राहिलं. जेएसपी असेल तर पहिल्या ओळीत पेजएन्कोडिंग. टेबलातच दिसली तर मायएसक्यूएलचा रकाना यूटीएफ८एमबी४ करा. आणि कोडमध्ये थेट टाइप केलेली मराठीच बिघडत असेल तर कंपायलरकडं बघा. जावा १७ पर्यंत विंडोजवर तो फाइल यूटीएफ-८ आहे असं आपणहून मानत नव्हता.

सिन्नर

"कॉलेजच्या वर्कशॉपसाठी नोंदणीचं अ‍ॅप केलं. एकट्यानं पन्नास वेळा तपासलं, बरोबर. लॅबमध्ये तीस जणांनी एकदम फॉर्म भरला तर काहींना पावतीवर दुसऱ्याचंच नाव. मित्र म्हणतो मायएसक्यूएलचा दोष."

मायएसक्यूएलला सोड. तुझ्या सर्व्हलेटच्या वर्गात, मेथडच्या बाहेर, नावासाठी एखादं चल घोषित केलेलं आहे का बघ. मला ते दिसतंय, कारण हीच चूक मी केली आहे आणि लॅबमध्ये नाही, दूधसंघात.

२००३ची गोष्ट. एका दूधसंघाचं बिलाचं काम आमच्याकडं होतं. सभासदाचा क्रमांक टाकला की दहा दिवसांच्या दुधाचं बिल छापून यायचं. मी सभासदाचं नाव वर्गाच्या पातळीवरच्या चलात ठेवलं होतं, लिटर आणि रक्कम मेथडच्या आत. ऑफिसात महिनाभर तपासलं, एक चूक नाही. तिथं बिलवाटपाच्या दिवशी दोन खिडक्या, दोन कारकून, बाहेर रांग. दुपारी फोन आला की, "मॅडम, एकाच्या नावावर दुसऱ्याचं दूध येतंय." दुधाच्या पैशांत असं झालं की सभासद सॉफ्टवेअरला शिव्या घालत नाही, चेअरमनला घालतो. आणि चेअरमन मग आम्हाला.

काय घडत होतं? सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एकच. पहिल्या कारकुनाचा थ्रेड आला, नाव वर्गाच्या चलात ठेवलं, लिटर आणायला डेटाबेसकडं गेला. तो तिकडं थांबलेला असताना दुसऱ्या खिडकीचा थ्रेड आला आणि त्यानं त्याच चलात आपलं नाव ठेवलं. पहिला परत आला तो स्वतःचे लिटर घेऊन, नाव मात्र चलातून उचललं ते दुसऱ्याचं. मेथडच्या आतली चलं प्रत्येक थ्रेडची स्वतःची, म्हणून लिटर बरोबर. वर्गाची चलं सगळ्यांची मिळून एक. टॉमकॅट मुळात २०० पर्यंत थ्रेड एका वेळी सोडतो, तुझे तीस म्हणजे काहीच नाहीत.

एकट्यानं पन्नास वेळा काय, पाच हजार वेळा तपासलंस तरी ही चूक सापडायची नाही. मी ती अशी पकडली: नाव ठेवायची ओळ आणि छापायची ओळ यांच्यामध्ये थ्रेडला पाच सेकंद झोपवलं, मग दोन खिडक्या उघडून दोन वेगळे क्रमांक पाठोपाठ टाकले. दोन्हीकडं एकच नाव आलं. रात्री साडेअकरा वाजता मी एकटीच हसले. दुरुस्ती म्हणजे एक ओळ वर्गातून उचलून मेथडमध्ये आणली, एवढीच.

तूही तसंच कर. जे या विनंतीपुरतं आहे ते मेथडच्या आत, जे त्या माणसाचं एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यायचं ते सेशनमध्ये. सेशनला टॉमकॅट मुळात ३० मिनिटं देतो, तेवढा वेळ काही हालचाल झाली नाही तर टाकून देतो. कुणी तुला मेथडवर सिंक्रोनाइज्ड लाव म्हणेल. नाव बरोबर येईल, पण तीस जण एका दारात रांगेत उभे राहतील. जुन्या पुस्तकात सिंगलथ्रेडमॉडेल दिसलं तर पान उलट, ते सर्व्हलेट ६ मधून काढूनच टाकलंय.

अंबाजोगाई

"मुलीला पुण्याला जावा फुलस्टॅकच्या क्लासला घालायचं म्हणतोय. सहा महिने, फी बरीच आहे, १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात. क्लास चांगला हे आमच्यासारख्यानं कसं ओळखावं?"

१०० टक्के हा आकडा मी दुधाच्या फॅटमध्येही पाहिलेला नाही.

फी भरण्याआधी मुलीला दोन दिवस त्या क्लासात नुसतं बसायला पाठवा. नाही म्हणाले तर पुढं जाऊ नका. बसू दिलं तर संध्याकाळी तिला विचारा की, मुलं स्वतः टाइप करतात की सरांच्या पडद्यावरचं उतरवतात? एरर आली तर सर स्वतः येऊन दुरुस्त करतात की "वाच बघू" म्हणतात? दुसऱ्या प्रकारचे सर मिळाले तर फी थोडी जास्त असली तरी चालेल. आणि मागच्या बॅचच्या दोन मुलांशी, क्लासच्या ऑफिसात नव्हे, बाहेर चहाच्या गाडीवर बोला.

लॅपटॉपचंही विचारलंय तुम्ही. ४ जीबी रॅमवर टॉमकॅट आणि साधा एडिटर रखडत चालतो. बूट, मायएसक्यूएल आणि इंटेलिजे हा जड एडिटर एकत्र उघडलं की माउसही हलत नाही. ८ घ्या, १६ जमले तर उत्तम. प्रोसेसरवर उगाच खर्च नको.

कणकवली

"ताई, माझं पहिलं अ‍ॅप झालं! भजनी मंडळाच्या वर्गणीचा हिशेब आहे. दुबईच्या मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली, लोकलहोस्ट ८०८० वाली. माझ्याकडं उघडते, त्याच्याकडं उघडत नाही. दुबईत ब्लॉक असेल का?"

अभिनंदन आधी. वर्गणीचा हिशेब म्हणजे कुणाची बाकी आहे ते सगळ्यांना दिसणार, तेव्हा लॉगिन घातलंस ना?

दुबईनं काही ब्लॉक केलेलं नाही. लोकलहोस्ट म्हणजे "मी स्वतः", १२७.०.०.१. ज्या यंत्रावर तो शब्द लिहिला जातो, ते यंत्र स्वतःकडंच बघतं. तुझ्या लॅपटॉपवर ते तुझं घर, मामाच्या फोनवर मामाचं.

एक पायरी पुढं जाऊन बघ. घरातल्या एकाच वायफायवर तुझा लॅपटॉप आणि आईचा फोन जोड. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग चालव, १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता मिळेल. आईच्या फोनवर लोकलहोस्टच्या जागी तो पत्ता टाक, पुढं ८०८० आणि अ‍ॅपचं नाव. विंडोजचं फायरवॉल विचारेल, खाजगी नेटवर्कपुरती परवानगी दे. उघडलं की तुझं अ‍ॅप पहिल्यांदा दुसऱ्या यंत्रावरून वापरलं गेलं. तो पत्ता मात्र घरातलाच, दुबईहून तोही चालणार नाही.

बाहेरच्यांसाठी अ‍ॅप कायम चालू असलेल्या यंत्रावर ठेवावं लागतं. तिथं एक सावधगिरी: स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग बहुतेक पीएचपीसाठी असतं, त्यावर टॉमकॅट चालवता येत नाही. पैसे भरण्याआधी "जावा चालतं का, वॉर फाइल चढवता येते का" एवढं विचार. वॉर म्हणजे तुझ्या कोडची एकत्र बांधलेली फाइल. नाहीतर छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेऊन टॉमकॅट स्वतः बसव. ते कसं, हे पुढच्या अंकात सविस्तर लिहिते, इथली जागा संपली.

तोवर मामाला पडद्याचा व्हिडिओ करून पाठव. आणि लिंक दाबल्यावर त्याचा फोन काय करत होता तेही सांग: स्वतःच्याच खिशात टॉमकॅट शोधत होता.